समुद्रातला जॉइंट

हुबळीत शिशाचा जॉइंट पुसावा तर सिद्राम कोलकारनंच, असं एके काळी केबलच्या धंद्यातली माणसं बिनदिक्कत म्हणत. काम नाजूक. विजेच्या केबलची दोन टोकं समोरासमोर आणायची, आतला तांब्याचा गाभा एकजीव करायचा, त्याच्यावर तेल मुरलेला कागद पट्टीपट्टीनं गुंडाळायचा, आणि शेवटी वरून शिशाची नळी बसवून तिच्या कडा वितळलेल्या शिशानं बंद करायच्या. खरी परीक्षा या शेवटच्या कामात. ब्लो लॅम्पच्या आचेवर शिसं लोण्यासारखं मऊ होतं आणि दोनेक मिनिटंच तसं राहतं. तेवढ्यात चरबी लावलेल्या जाड फडक्यानं ते गोल फिरवत पुसून घ्यायचं. उशीर झाला तर खडा, घाई केली तर सगळं पायावर. सिद्रामचा जॉइंट गारगोटीसारखा गुळगुळीत उतरायचा. बाबाजी मिस्त्रीच्या हाताखाली नऊ वर्षं घासून त्यानं हा हात कमावला होता.

वीज मंडळातली नोकरी कायमची होती. जुन्या हुबळीत दोन खोल्या, बायको नागुबाई, आठ-नऊ वर्षांची मुलगी राणी. शहाण्णव साली मुंबईच्या एका कंपनीनं आखातातल्या कामासाठी जॉइंटर निवडले, त्यात सिद्रामचा पहिला नंबर लागला. मंडळाची रजा एवढी मिळणार नव्हती. त्यानं राजीनामा लिहून दिला. नागुबाई म्हणाली, "हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागू नका ओ." सिद्राम म्हणाला, "अगं, जमिनीत तर सगळेच जोडतात. समुद्रात जोडणारा हुबळीतून आजवर गेला नाही कोण."

काम असं होतं. एका बेटावर डिझेलवर चालणारं लहानसं वीजघर होतं. ते बंद पडलं की दवाखान्यासकट सगळं बेट अंधारात. म्हणून समुद्राच्या तळावरून बावीस किलोमीटर केबल टाकून बेटाची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या ग्रिडशी जोडायची. एवढी केबल एका फेरीत बार्जवर, त्या सपाट मालवाहू बोटीवर, मावत नव्हती. ती दोन तुकड्यांत आली, आणि तुकडे जोडायचे होते भर समुद्रात, बार्जच्या डेकवर. तो जॉइंट सिद्रामचा.

कामावरचे इंजिनिअर श्रीनिधी गलगली धारवाडचे निघाले. मालमड्डी या ब्राह्मणवस्तीतल्या मराठी घरातला, मास्तरांचा मुलगा, वय पस्तिशीचं, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हुबळीचा का रे? मग आपलाच की!" आपलाच हा शब्द सिद्रामच्या मनात असा रुतला, की त्यानं तो घरी पत्रातसुद्धा लिहिला. शाळेत, नोकरीत, भाड्याची खोली शोधताना त्याला पुष्कळ काय काय म्हणून झालं होतं. मालमड्डीतल्या माणसानं आपला म्हणायची ही पहिलीच वेळ.

जॉइंटच्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता. समुद्र असा दीड दिवस शांत राहील, पुढं नाही, असं कळलं होतं. सिद्रामनं केबलचं टोक सोललं, कागदाच्या दोन पट्ट्या चिमट्यानं उचलल्या आणि कढत मेणात सोडल्या. कागदात ओल असली की मेण तडतडतं, कोरडा असला की गप्प राहतं. जॉइंटरची ही जुनी परीक्षा. मेण तडतडलं, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसं.

"कागद बोलतोय, साहेब. टोकाच्या टोपणातनं ओल शिरलीय. कापायला पाहिजे."

"किती?"

"दीड मीटर कापून बघू."

दीड मीटर कापली. पुन्हा मेण तडतडलं, पण हलकं. गलगलींनी घड्याळ बघितलं. बार्जचा कप्तान लांबून हातवारे करत होता.

"सिद्राम, एवढं चालतं रे. जॉइंटच्या उष्णतेनं वाळेल ते."

"नाही वाळत ओ साहेब. आत कोंडून राहतं आणि मग कधीतरी खातं. जमिनीत असतं तर उकरून काढलं असतं. इथं कोण खाली जाणार?"

"सात तास उशीर होईल. मला बोलणी बसतील."

"बसू देत की. जॉइंट टिकला तर कोण आठवणार बोलणी?"

गलगली चिडले, पण थांबले. आणखी दोन मीटर कापली. तिसऱ्या वेळी मेणात पट्टी सोडल्यावर सिद्रामनं वाडग्यावर कान नेला. मेण गप्प. मग तो बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारीच उठला. मधे कोणी पाजलं तेव्हा चहा प्यायला, बाकी काही नाही. शिसं पुसून झाल्यावर त्यानं तळवा त्याच्यावरून फिरवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हा आत्ता बाबाजीनं बघायला पाहिजे होता.

शेवटी फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता: ओल आढळली का? गलगली म्हणाले, "शेवटी कोरडा मिळाला ना? मग नाही म्हणून लिही."

"दोनदा सापडली ती लिहितो, साहेब. कापलं तेही लिहितो. झालं ते असू दे कागदावर."

"तुझी मर्जी," गलगली म्हणाले.

केबल समुद्रात गेली. बेटावर वीज पोचली त्या दिवशी मिठाई वाटली गेली. आणि त्रेचाळीस दिवसांनी बेट पुन्हा अंधारात गेलं.

किनाऱ्यावरून मोजणी केली तेव्हा बिघाड अकरा किलोमीटरच्या आसपास दिसला. जॉइंटही तिथंच कुठंतरी होता. मोजणीत शंभर-दीडशे मीटर इकडंतिकडं होतंच, पण तो विचार करायला कोणाला सवड नव्हती. कचेरीत गलगलींनी फॉर्म टेबलावर ठेवला.

"ओल होती, हे तूच लिहिलंयस, सिद्राम."

"पण कापलं की, साहेब! तुमच्यासमोर कापलं. तिसऱ्यांदा मेण गप्प होतं, तेही खाली लिहिलंय."

"ते तू म्हणतोस. वरच्या लोकांना कागदावर ओल एवढाच शब्द दिसतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "मी संभाव्य कारण म्हणून लिहिलंय. नक्की असं म्हटलेलं नाही. तू सध्या घरी जा. केबल वर काढू तेव्हा बघू."

समुद्र शांत होईपर्यंत केबल वर निघणार नव्हती. सिद्रामला त्याच आठवड्यात विमानात बसवलं. कंपनीच्या पत्रात सदोष कामामुळे मुक्त केल्याचं लिहिलं होतं.

केबल वर काढली तेव्हा काय दिसलं, हे त्याला कोणी कळवलं नाही. त्यानं दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. उत्तर नाही, त्याअर्थी चूक आपलीच, असा त्यानं हळूहळू अर्थ लावून घेतला.

मंडळात परत जाता येणार नव्हतं. सोडलेली नोकरी नियमानं संपली होती. हणमंत नावाचा त्याचा जुना सोबती गोकुळ रोडवर केबलची कंत्राटं घ्यायचा. त्यानं कंपनीचं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं, पण काम दिलं. "होतंय एकदा. बिडो माराया," तो कन्नडात म्हणाला. सोड रे, एवढाच त्याचा अर्थ. पण सिद्रामला सुटत नव्हतं. जेवताना हात थांबायचा. पट्टी चिमट्यानं उचलली, पण त्याआधी बोट लागलं होतं का? कपाळाचा घाम टपकला असेल का? दुसऱ्या दिवशी पहाटे बार्जवर दव पडलं होतं, ताडपत्री नीट ओढली होती ना? कोणी विचारत नव्हतं, तोच स्वतःला विचारत होता, आणि दर वेळी उत्तर जरा जास्त वाईट येत होतं.

एका दुपारी केशवापूरला रस्त्याकडेच्या खड्ड्यात साधाच जॉइंट होता, असे त्यानं शेकड्यांनी केले असतील. शिसं मऊ झालं, त्यानं फडकं उचललं, आणि घाईघाईनं फिरवलं. शिसं ओघळून खाली पडलं. त्यानं पुन्हा तापवलं, पुन्हा ओघळलं. तिसऱ्यांदा तो खड्ड्यातून वर आला, ब्लो लॅम्प विझवला आणि हणमंतला म्हणाला, "मला जमत नाही आता." हणमंतनं थांब म्हटलं नाही.

विद्यानगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, विजेच्या प्रयोगशाळेत अटेंडरची जागा मिळाली. नऊला कुलूप काढायचं, मोटारी पुसायच्या, वायरी मोजून द्यायच्या, पाहुणे आले की चहा न्यायचा. त्यात नऊ वर्षं गेली. राणी अभ्यासात तिखट निघाली आणि त्याच कॉलेजात, त्याच शाखेत तिला जागा मिळाली. वर्गातल्या मुलांना तिचे अप्पा कोण ते ठाऊक होतं. तिनं ते कधी लपवलं नाही. सिद्राम मात्र ती प्रयोगशाळेत आली की मागच्या खोलीत जायचा.

दोन हजार सहा साली, थंडीत, कॉलेजात व्याख्यान होतं. समुद्राखालच्या केबलींनी ग्रिड जोडण्याविषयी परदेशातले कोणी तज्ज्ञ बोलणार होते. सिद्रामनं पडदा लावला, खुर्च्या मांडल्या. तज्ज्ञ आत आले तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तज्ज्ञांचे केस पिकले होते, चष्मा आला होता, पण चाल तीच. गलगली.

सिद्राम भिंतीला लागून उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, आणि पेला पुढं केला. ओळख पटली नाही.

व्याख्यान इंग्रजीत होतं, अधूनमधून कन्नड विनोद. देशादेशांच्या ग्रिड समुद्राखालून कशा जोडल्या जातायत, एकाकडं वीज कमी पडली तर दुसरा कसा देतो, उद्या आपल्याकडंही हे होईल, असं ते रंगून सांगत होते. सिद्रामला निम्मं कळत होतं. मग पडद्यावर एक चित्र आलं आणि तो भिंतीपासून पुढं सरकला. बार्ज. तीच. डेकवर चिखलानं माखलेली केबल, आणि तिच्यात फुटून काळं पडलेलं एक भोक.

गलगली सांगत होते, की सगळ्यांना वाटलं बिघाड समुद्रात केलेल्या जॉइंटमध्ये आहे. प्रत्यक्षात केबल वर काढली तेव्हा तो निघाला एकशे चाळीस मीटर लांब, कारखान्यात केलेल्या जोडात. पुढचं चित्र आलं. जॉइंट उभा चिरून उघडलेला. आतला कागद सोनेरी, कोरडा, जणू काल गुंडाळलेला. बाहेरचं शिसं चकचकीत. "बघा," गलगली म्हणाले, "इतका निर्दोष जॉइंट मी त्यानंतर पुन्हा बघितला नाही."

हे वाक्य सिद्रामला पूर्ण कळलं. पहिल्यांदा त्याला आनंद झाला, अगदी लहान पोरासारखा. आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, की चित्राखाली साल सत्त्याण्णव लिहिलंय.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतून राणी उठली. सिद्रामनं मान हलवून तिला नको म्हटलं. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"सर, तो जॉइंट कोणी केला होता?"

गलगली हसले. "चांगला प्रश्न आहे. स्थानिक जॉइंटर होता एक. खरं म्हणजे आपल्याच भागातला, हुबळीकडचा. नाव आता आठवत नाही."

राणी उभीच राहिली. तिचे ओठ हलले, पण विभागप्रमुखांनी पुढच्याला बोलायला सांगितलं.

विभागप्रमुखांच्या खोलीत चहा नेला तो सिद्रामनंच. खोलीत गलगली एकटेच होते. त्यानं कप ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

"सिद्राम कोलकार, साहेब. नाव आठवत नाही म्हणालात म्हणून सांगितलं."

गलगलींनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "सिद्राम! अरे, तू इथं? बस, बस ना."

"उभाच बरा आहे. तो जॉइंट चांगला होता, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू गेल्यावर... चार-पाच महिन्यांनी. मी दुसरा रिपोर्ट पाठवला होता रे. त्यात स्पष्ट लिहिलंय. कारखाना कंपनीच्याच भावकीतला होता, म्हणून तो जरा दाबून ठेवला त्यांनी. पण मी लिहिलं होतं."

"मला नाही लिहिलंत."

"तुझा पत्ता नव्हता माझ्याजवळ."

"मी दोन पत्रं टाकली होती साहेब, मागच्या बाजूला पत्ता घालून." सिद्रामचा आवाज चढला नाही. "दिवाळीला घरी येत असाल तुम्ही. धारवाडहून हुबळीला दर पाच मिनिटांना बस आहे."

गलगलींनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "खरं सांगू का? मुद्दाम नाही केलं रे. नवी कामं आली, बदली झाली. लक्षातच राहिलं नाही."

मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं सिद्रामला वाटलं. दावा धरायला माणूस तरी मिळाला असता. इथं नऊ वर्षं तो ज्या दाराशी कान लावून बसला होता, त्याच्या आत कोणी नव्हतंच.

"एवढं लिहून द्या," तो म्हणाला. "जॉइंट मी केला आणि तो चांगला होता. दोन ओळी."

"देतो की! कंपनीच्या कागदावर पाठवतो." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तर आपलाच माणूस."

सिद्रामनं कप उचलला. तो अजून भरलेला होता.

संध्याकाळी घरी त्यानं नागुबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. त्याला वाटलं ती रडेल, नाहीतर त्या माणसाला शिव्या घालेल. तिनं हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "मी माहेरी, कलघटगीला, भावांना सांगून टाकलं होतं. तुम्हाला बोट लागली, डोकं गरगरलं, म्हणून काम बिघडलं. लोक विचारायचे ओ. काहीतरी सांगायला नको का?"

"म्हणजे तुलाही वाटत होतं, मीच बिघडवलं."

"तुम्हीच म्हणत होता की!" ती एकदम ओरडली. "इतकी वर्षं उठता बसता तुम्हीच म्हणत होता. मी काय समुद्रात बघायला गेले होते?"



पत्र दोन महिन्यांनी आलं, तेही राणीनं गलगलींच्या कचेरीत तीनदा फोन केल्यावर. जाड, गुळगुळीत कागद, वर कंपनीची खूण. राणीनं मोठ्यानं वाचलं आणि मधेच थांबली.

"काय झालं?"

"अप्पा, यात लिहिलंय की श्री. सिद्राम कोलकार यांनी जॉइंटच्या कामात मदत केली, आणि त्यांची वर्तणूक समाधानकारक होती."

"मदत? कोणाला?"

"ते लिहिलेलं नाही."

तो कागद घेऊन सिद्राम आधी हणमंतकडं गेला. का गेला, त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. हणमंत आता मोठा कंत्राटदार झाला होता. त्यानं पत्र वाचलं आणि अवघडून म्हणाला, "शिशाचे जॉइंट कोण करतंय आता, सिद्रामण्णा? नव्या केबलीवर प्लास्टिकची नळी सरकवायची, गरम करायची, आक्रसून बसते. पोरं आठवड्यात शिकतात. तू ये पाहिजे तर, देखरेखीला." सिद्राम म्हणाला, "बघू." दोघांनाही ठाऊक होतं, की तो येणार नाही.

पुढच्या रविवारी तो धारवाडला गेला. गलगली गावात आल्याचं कॉलेजात कोणीतरी बोललं होतं. मालमड्डीतलं घर शोधून त्यानं फाटक उघडलं. दार उघडलं ते गलगलींच्या वडिलांनी. दत्तात्रेय मास्तर, ऐंशीच्या पुढचे, अंगात स्वेटर. श्रीनिधी कालच परत गेला, असं ते म्हणाले, पण दारातून परत पाठवलं नाही. आत बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. सिद्रामनं सांगितलं, मी साहेबांबरोबर आखातात होतो, त्यांनी हे पत्र दिलंय.

मास्तरांनी पत्र खिडकीपाशी नेऊन वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे आभार मानायला आलात एवढ्या लांब. श्रीनिधीचं पहिल्यापासून असंच आहे बघा. हाताखालच्या माणसांना विसरत नाही."

सिद्रामनं पेला खाली ठेवला. या म्हाताऱ्याला काय सांगायचं आणि कुठून? तरीही तो बोलला.

"मास्तर, यात एक शब्द चुकलाय. मी मदत नाही केली. जॉइंट मीच केला. तो मोडला म्हणून मला घरी पाठवलं, आणि तो मोडला नव्हता हे साहेबांना ठाऊक होतं."

मास्तरांनी पत्र पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत गेले. मग समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "मदत हा काही हलका शब्द नाही, बाबा. एवढ्या मोठ्या कामाला हात लागणं हेच भाग्य. शिवाय समाधानकारक असंही लिहिलंय. कोणी सहजासहजी लिहीत नाही हे."

त्यांच्या तोंडावर कपट नव्हतं. आपल्या मुलाबद्दल दुसरं काही त्यांना ऐकूच येत नव्हतं. ऐकू आलं असतं तरी या वयात त्यांनी त्याचं काय केलं असतं?

सिद्राम उठला. मास्तरांनी पत्राची नीट घडी करून पुढं केली.

"राहू दे तुमच्याकडं," तो म्हणाला. "साहेबांचं आहे ते."

"अहो, पण तुम्हाला कुठं दाखवायला लागलं तर?"

"नाही लागणार."

फाटकापर्यंत मास्तर सोडायला आले, पुन्हा या म्हणाले. रविवार असल्यामुळं बस रिकामीच होती. राणी घरी वाट बघत होती. भेटले का म्हणून तिनं विचारलं, तेव्हा साहेब गावात नव्हते एवढंच त्यानं सांगितलं आणि चपला काढून तो आत गेला.